वायफायला कारभारी एकच ठेवा

आज गटाच्या लॅपटॉपच्या वायफायबद्दल बोलू. विषय कोरडा वाटेल, पण मागच्या हळदीच्या हंगामात आमच्या ग्रामसंघाला तो चांगलाच झोंबला. कर्जाचा प्रस्ताव बँकेला मेलनं पाठवायचा होता, शेवटचे दोन दिवस उरले होते. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडला, की दोन-तीन मिनिटांत जोडणी तुटायची. दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, ‘वायफायचं कार्ड गेलं, नवं टाका.’ बचतीतून पैसे काढायचा ठराव लिहायलाच घेतला होता आम्ही! कार्ड मात्र धडधाकट होतं. एका कामावर दोन कारभारी बसले होते.

म्हणजे काय, ते सांगते. लॅपटॉपच्या आत वायफायचं कार्ड असतं. कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. आणि कुठल्या वायफायला जोडायचं, पासवर्ड लक्षात ठेवायचा, तुटलं तर पुन्हा जोडायचं, हे बघणारा कारभारी तिसराच. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये तो होता, आजही आहे. आता त्याचं नाव डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग.

मग कंपन्यांनी आपला वेगळा कारभारी का दिला? एक्सपी आलं तेव्हा त्याला वायफायची नवी कुलपं उघडता येत नव्हती. डब्ल्यूपीए-टू हे आज घरोघरी असलेलं कुलूप एक्सपीला २००५ च्या अपडेटनंतर कळलं. तोवर कंपनीच्या सॉफ्टवेअरचा खरंच उपयोग होता. पुढे गरज सरली, तरी इंटेल, डेल, लेनोवोच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ते राहिलं. आता एक जोडतो, दुसरा आपली यादी काढून सोडवतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं आपलं इंटरनेट.

ओळखायचं कसं? खाली उजवीकडे, घड्याळाजवळ बघा. वायफायच्या दोन खुणा दिसल्या, एक विंडोजची आणि एक कंपनीची, तर संशय घ्या.

दोघांतला कुठला ठेवायचा? माझं मत विंडोजचाच. कंपनीचा पडदा प्रत्येक मशीनवर वेगळा. लिहिणारी ताई बदलली की पुन्हा पहिल्यापासून शिकवा. विंडोजचा सगळीकडे जवळपास सारखा, गावातली कॉलेजची पोरगीही चालवते. शिवाय जुन्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरकडे कंपनी पुढे बघत नाही. विंडोजच्या यादीत काहीच दिसत नसेल आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नीट चालत असेल, तर ते ठेवा. पण मग त्याला एकट्यालाच काम करू द्या.

काढताना घाई नको. आधी वायफायचा पासवर्ड वहीत लिहा. कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण कधी कधी सॉफ्टवेअरबरोबर तोही निघून जातो. मग कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम्स अँड फीचर्स उघडा आणि वायफाय सांभाळणारं तेवढंच सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. नावात ड्रायव्हर असेल त्याला हात लावू नका. लॅपटॉप बंद करून चालू करा आणि विंडोजच्या खुणेवरून जोडा.

तरीही तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफायचं कार्ड शोधा. त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची टिक असते, ती काढा. पुढे कधी वायफायचा डोंगल घेतलात, तर सोबतच्या सीडीतला फक्त ड्रायव्हर टाका.

आणि काम अगदी अडलं तर? मोबाईलची चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावा, मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. केबल डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबली नुसतं चार्जिंग करतात. यात वायफाय लागतच नाही. आमचा प्रस्ताव त्या रात्री असाच गेला. कारभाऱ्याचा निकाल आम्ही दुसऱ्या दिवशी सावकाश लावला, आणि कार्डाचा ठराव वहीतून खोडला.