साडेसहाची बस अन् रात्रीचे दोन तास

सकाळी सहा-सव्वासहाला आमच्या शिरड शहापूरच्या बसथांब्यावर कधी उभ्या राहिलात, तर तुम्हाला दिसेल… पाठीला सॅक, हातात डबा अन् ओले केस तसेच वेणीत बांधलेल्या पोरींचा घोळका. काहीजणी औंढ्याकडे जाणाऱ्या, काहीजणी वसमतकडे. आमचं गाव या दोन्हींच्या मधोमध. बाहेरची माणसं गावाला ओळखतात ती मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे नाहीतर औंढा नागनाथाच्या वाटेवरचं गाव म्हणून. पण मला विचाराल तर गावाची खरी शोभा म्हणजे सकाळचा हा घोळका. माझ्या वेळी या थांब्यावर मुली किती असायच्या? बोटावर मोजण्याइतक्या!

या घोळक्यातली एक आमच्या गल्लीतली. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. वसमतला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला काकू म्हणते. लहानपणापासून आमच्याच अंगणात खेळलेली, हुशार, बोलकी. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते तिच्या आजीनं.

मागच्या दिवाळीनंतर एक दिवस तिची आई माझ्याकडे आली. बचत गटाचा हप्ता द्यायला आलेली, पण हप्ता देऊनही उठेना. मी चहा ठेवला. मग हळूच म्हणाली, "ताई, पोरगीचा केमिस्ट्रीचा पेपर राह्यला. तिचे बाबा म्हणतेत, कशाला ते रोजचं जाणं-येणं? हळदीला माणसं मिळनात. अन् दोन जागा बी आल्यात. तुमीच सांगा, काय करावं?"

मला धक्काच बसला. ही पोरगी नापास? अन् दुसऱ्याच क्षणी, खरं सांगते, मनात आलं ते हेच, "मोबाईल पाहत बसत असेल, दुसरं काय!" आपल्या सगळ्यांच्याच मनात पहिलं हेच येतं. मी तिच्या आईला म्हटलं, "घाई करू नका. मला आधी तिच्याशी बोलू द्या."

संध्याकाळी पोरगी आली. डोळे सुजलेले. मी तिला उपदेश केला नाही. एक कोरी वही दिली अन् म्हटलं, "सात दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलंस, घड्याळ बघून लिहून काढ. कुणाला दाखवायचं नाही. फक्त मला."

आठ दिवसांनी वही माझ्या हातात आली. मी बी.ए. झालेली बाई, हिशेब माझा तसा कच्चाच. पण गटाच्या हिशेबानं सवय लागली आहे, म्हणून बेरीज करत बसले. पहाटे पाचला उठणं. झाडलोट, पाणी भरणं, भाजी. साडेसहाची बस. बस वेळेवर आली तर बरं, नाही आली तर पहिला तास गेला. कॉलेज अन् प्रॅक्टिकल करून घरी यायला दुपारचे तीन. मग धुणं, भांडी, म्हशीचं पाणी, पुन्हा नळाला पाणी आलं की भरणं, संध्याकाळी भाकरी. नऊ वाजता वही उघडायची अन् दहाच्या आत डोळे मिटायचे. घरकाम दिवसाला सरासरी पाच तास. अभ्यास पाऊण तास. तोही एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यांनी.

२०२४ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तिचे आकडे मी पेपरात वाचून ठेवले होते. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात. म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचे ८८ मिनिटे, तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचे! म्हणजे आमची ही विद्यार्थिनी संसारी बाईएवढं काम करून वरून बी.एस्सी. करत होती. आणि आपण तिला विचारत होतो, नापास कशी झालीस?

पण मैत्रिणींनो, वहीतली खरी चपराक पुढे होती. बुधवारच्या पानावर लिहिलं होतं, "काकूंच्या गटाचं रजिस्टर लिहिलं. सव्वा तास." शुक्रवारी पुन्हा, "काकूंचा बँकेचा अर्ज भरून दिला. पाऊण तास."

मी वही मिटून ठेवली. मुलींच्या शिक्षणावर मी गावोगाव बोलते. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालून भाषण करते. अन् माझ्याच रजिस्टरसाठी या पोरीचे दोन तास मी हक्कानं घेत होते. का? तर तिचं अक्षर छान, अन् ती "नाही" म्हणत नाही म्हणून. तिला वाटलं असेल, काकूंना नाही कसं म्हणायचं?

आणखी एक ओळ मनाला लागली. रविवारच्या पानावर होतं, "आजीजवळ बसले. वीस मिनिटं." सात दिवसांत घरच्यांसोबत निवांत बसल्याची तेवढीच एक नोंद. मी तिला विचारलं तर म्हणाली, "काकू, मी घरात असते, पण घरच्यांसोबत नसते. आईशी बोलते ते पण भांडे घासता घासता. बाबांशी तर पैशापुरतंच." आपण म्हणतो, शिकायला लागल्यापासून पोरी घरच्या राहिल्या नाहीत. पण घरचं काम म्हणजे घरचा सहवास, असं आपणच समजून बसलोय ना?

हे दुखणं आजचं नाही. रमाबाई रानडे अकराव्या वर्षी, १८७३ साली लग्न होऊन न्यायमूर्तींच्या घरी आल्या. नवरा शिकवायला तयार, पण घरातल्या बायकांना सुनेचं शिकणं खपत नव्हतं. दिवसभर घरातली कामं अन् टोमणे, आणि त्यातून वेळ काढून अभ्यास. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. ते पुस्तक १९१० साली आलं. शंभर वर्षं उलटून गेली. आता शिकू नको असं कुणी म्हणत नाही. शिक, पण घरातलं सगळं आवरून शिक, असं म्हणतात. फरक एवढाच!

माझं स्वतःचंही असंच झालं. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा सासरी राहून दिली. चुलीपुढे बसून इतिहासाच्या नोट्स वाचायचे. पदवी मिळाली, पण त्यातलं किती डोक्यात उतरलं ते माझं मला माहीत. म्हणून वाटलं, निदान या पोरीचं तसं होऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. आई, बाबा, आजी, बारावीतला भाऊ, सगळे होते. मी वहीतली बेरीज वाचून दाखवली. माझे दोन तास आधी वाचले, म्हणजे बाकीच्यांना राग येऊ नये! आणि गटाचं रजिस्टर आजपासून मीच लिहिणार, हेही सांगितलं.

मग मी त्यांना अभ्यासाचा हिशेब सांगितला. आता नव्या धोरणात श्रेयांकाची पद्धत आली आहे. तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास वर्गात, आणि प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट. एका सत्राला निदान वीस श्रेयांक धरले तरी नुसतं वर्गात बसणंच तीनशे तासांच्या वर जातं. घरचा अभ्यास वेगळा. आमच्या वेळी वर्षभर हिंडून शेवटच्या महिन्यात गाईड वाचून भागायचं. आता दर सत्राला परीक्षा, मध्ये चाचण्या, प्रॅक्टिकलची वही. शेवटच्या महिन्यावर ढकलता येत नाही.

आणि आपल्या भागाचं दुखणं आणखी वेगळं. हिवाळी परीक्षा येते तेव्हा घरात सोयाबीनची रास नाहीतर कापसाची वेचणी. उन्हाळी परीक्षा जवळ येते तेव्हा हळद. काढायची, शिजवायची, पंधरा-पंधरा दिवस वाळत घालायची, गड्डे अन् हळकुंडं वेगळी करायची, पॉलिश करून वसमतच्या बाजारात न्यायची. विद्यापीठाचं अन् शेताचं वेळापत्रक एकमेकांच्या बरोबर डोक्यावर! हे शहरातल्या आईबापांना नाही कळायचं. पण आपण तरी ध्यानात घ्यायला नको?

तिची आई मात्र गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, "ताई, समदं खरं. पण मी पहाटं चारला उठते. माझं कोण लिहिणार वहीत? अन् रात्री ते मोबाईलचं उजेडात काय चालतंय, ते लिव्हलं का तिनं?"

बरोबरच होतं तिचं. लेकीचं ओझं उचलून आईच्या डोक्यावर ठेवायचं, याला काही न्याय म्हणत नाहीत. आणि मोबाईलचं पोरीनंही मान खाली घालून कबूल केलं. झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास जातो म्हणाली. वहीत तेवढंच लिहिलं नव्हतं!

मग बराच वेळ घासाघीस झाली. बाजारातल्या भावासारखी! शेवटी ठरलं ते असं. रात्री आठ ते दहा तिच्या अभ्यासाचे. त्या वेळात कुणी हाक मारायची नाही, टीव्ही बंद. मोबाईल आजीच्या उशाशी. संध्याकाळचं पाणी अन् म्हैस भावाकडे. त्यानं तोंड वाकडं केलं, पण आजीनंच त्याला झापलं, "कामून? तुला हात न्हाईत का?" सकाळची भाजी तिची, संध्याकाळच्या भाकरी आईच्या, पण रविवारी आईला पूर्ण सुट्टी अन् स्वयंपाक भावंडांनी मिळून. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे शेतातलं काम तिला सांगायचं नाही. आणि स्थळांचं? तिचे बाबा इतका वेळ गप्प होते. उठता उठता म्हणाले, "पदवी होऊ द्या. मंग बघू." एवढंच. पण पोरीचा चेहरा मी पाहिला.

सगळं सुरळीत झालं, असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. ऐन हळदीच्या दिवसांत आठ दिवस सगळं विस्कटलं. भाऊ म्हणाला, माझी पण बारावी आहे. तेही खोटं नव्हतं. मग पाण्याचं काम आठ दिवस बाबांवर आलं. गल्लीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावून पाहिलं. पण आठव्या दिवशी तेही जुनं झालं.

उन्हाळी परीक्षेत राहिलेला पेपर निघाला. काठावरच, पण निघाला. बाकीचे विषय चांगले गेले.

मला मात्र निकालापेक्षा एक वेगळीच संध्याकाळ लक्षात राहिली आहे. त्यांच्या अंगणात हळकुंडं निवडायला आम्ही चार-पाचजणी बसलो होतो. पोरगी अभ्यास करून बाहेर आली. आजी सांगत होती, पूर्वी हळदीत चुना घालून घरीच कुंकू कसं करायचे ते. पोरगी एकदम म्हणाली, "आजी, हेच तर आम्हाला प्रॅक्टिकलला असतं!" तिनं हळदीचं पाणी केलं, त्यात चुन्याची निवळी टाकली. पिवळं पाणी झरकन लाल! मग लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं! हळदीतल्या कुरकुमीनमुळे असं होतं, आंबट अन् खारट ओळखायला आमच्या प्रयोगशाळेत अशीच द्रव्यं असतात, असं ती आईला समजावून सांगत होती. 'खारट' म्हणजे आपलं मीठ नाही हं, चुना-सोड्यासारखं, हेही सांगितलं. आई हात तसाच ठेवून ऐकत होती. जिनं जन्मभर हळद काढली, त्या बाईला आपल्याच हळदीचं गुपित लेकीकडून कळत होतं. अन् लेकीला पुस्तकातला धडा आजीच्या तोंडून. घरच्यांना वेळ देणं म्हणतात ते हेच असेल ना?

जाता जाता थोडं कामाचं. बसभाड्यामुळे पोरीचं कॉलेज बंद करायचा विचार कुणाच्या घरी चालू असेल, तर आधी एसटीच्या आगारात चौकशी करा. विद्यार्थी पासावर दोन तृतीयांश सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते वेगळंच. जुलै २०२४ मध्ये सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या मुलींची शिक्षण अन् परीक्षा फी माफ केली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा, लाजू नका. आणि जिचं स्वतःचं शिक्षण अर्धवट राहिलंय, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच.

पण सवलत बसची मिळेल, फीची मिळेल. रात्रीचे दोन तास कुठलंच सरकार देणार नाही. ते घरानंच द्यायचे आहेत. म्हणून एक विनंती करते. तुमच्या घरात कॉलेजला जाणारी लेक असेल, सून असेल, तर तिला एक वही द्या अन् सात दिवसांचा हिशेब लिहायला सांगा. वाचताना फार धीर लागतो, आधीच सांगून ठेवते. त्यात कुठेतरी तुमचंही नाव निघेल. माझं निघालं होतं.

गटाचं रजिस्टर आता मीच लिहिते. अक्षर काही तिच्यासारखं येत नाही. परवा बँकेतले साहेब म्हणाले, "ताई, अक्षर बदललं वाटतं!" मी म्हटलं, "हो साहेब, अक्षरवाली अभ्यासाला बसली आहे."