स्क्रीनशॉट काढला म्हणजे पुरावा झाला?

टेबलापलीकडे बसलेला माणूस खिशातून फोन काढतो, गॅलरी उघडतो आणि माझ्यासमोर धरतो. "मॅडम, सगळे स्क्रीनशॉट आहेत. आता तो सुटत नाही." मी विचारते, मूळ चॅट कुठे आहे? "ते डिलीट केलं, वाचून त्रास व्हायचा." किंवा, "तो फोन दिवाळीत एक्स्चेंजमध्ये दिला." जिल्हा न्यायालयात वकिली करताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता प्रश्न विचारतानाच पोटात गोळा येतो. उसने पैसे घेतल्याची कबुली, सासरच्या धमक्या, ठेकेदाराने लिहून दिलेला दर, सगळं त्या फोनमध्ये होतं. माणसाने ते स्वतःच्या हाताने पुसलं, तेही आपण पुरावा जपून ठेवला आहे अशा खात्रीने.

हे करणारे अडाणी नसतात. बँकेतले अधिकारी, शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी हेच करतात. म्हणून हे एकदा नीट सांगायला हवं.

स्क्रीनशॉट हा फोनच्या पडद्याचा फोटो आहे. त्यात पडद्यावर दिसलं तेवढंच येतं. माझ्या फोनमध्ये मी कोणाचाही नंबर 'मामंजी' या नावाने सेव्ह करू शकते, मग स्क्रीनशॉटवर 'मामंजी' असंच उमटेल. ज्या दिवशी मेसेज आला त्याच दिवशी तुम्ही स्क्रीनशॉट काढला, तर व्हॉट्सॲप तारखेच्या जागी 'आज' दाखवतं. हा 'आज' कोणता, ते त्या चित्रावरून कळत नाही. वरचे चार मेसेज कापून टाकले तर शिवीच्या आधीची चिथावणी गायब होते. हवा तो मजकूर टाकून खोटं चॅट तयार करून देणारी ॲप फुकट मिळतात. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडून ब्राउझरमध्येच पडद्यावरची अक्षरं बदलता येतात आणि त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो. शाळकरी मुलालाही हे पाच मिनिटांत जमतं. समोरच्या वकिलाला एवढंच म्हणायचं असतं: "हे बनावट आहे." त्यानंतर खरं सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि सिद्ध करायला जे लागतं ते तुम्ही दिवाळीत दुकानदाराला देऊन आलेले असता.

आता कायदा. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला, तेव्हा १८७२ च्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आलं. मूळ यंत्राऐवजी त्यातल्या नोंदीची प्रत, म्हणजे प्रिंट, सीडी किंवा पेनड्राइव्ह, न्यायालयात द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र हवं: ही नोंद कोणत्या यंत्रातून काढली, कशी काढली आणि ते यंत्र तेव्हा नीट चालत होतं का. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५-ब ची जागा कलम ६३ ने घेतली. त्याआधीपासून प्रलंबित असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागू राहतो. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'अ' भागावर तो फोन किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही, 'ब' भागावर तज्ज्ञाची. दोन्हींत त्या फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं.

हॅश म्हणजे काय, हे मी पक्षकारांना मुद्देमालाच्या उदाहरणाने सांगते. पोलिस जप्त केलेली वस्तू कापडात बांधून लाखेची मोहोर लावतात. मोहोर शाबूत असली की आत कोणी हात घातलेला नाही असं मानता येतं. हॅश ही डिजिटल फाइलची मोहोर. फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची ओळ निघते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळी ओळ बदलते.

तज्ज्ञाच्या सहीची अट सामान्य माणसाला जड जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण, हे त्या कलमात सांगितलेलं नाही. तालुक्याच्या गावी वीस हजारांच्या वसुलीचा दावा लावणाऱ्याने तो कुठून आणावा? पण कायदा आज असा आहे आणि त्याला धरूनच चालावं लागतं.

"एका प्रमाणपत्राने काय अडतं?" असं कोणी म्हटलं की मी जालन्याचा दाखला देते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचे अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत संपल्यानंतर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ६५-ब चं प्रमाणपत्र काही दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. परंतु आज देशभर डिजिटल पुराव्याची चर्चा याच निकालापासून सुरू होते.

त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. प्रत द्यायची तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे, साहेबांनी पिंजऱ्यात उभं राहून तोंडी सांगितलं म्हणून त्यातून सुटका नाही. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असेल आणि तो देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. शक्य ते सगळं करूनही मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीसाठी कायदा पक्षकाराला शिक्षा देत नाही, आणि गोरंट्याल यांचा पुरावा याच आधारावर टिकला. तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याची: मूळ यंत्रच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीत सांगितलं की हा फोन माझा, हे मेसेज यातच आले, तर प्रमाणपत्राची गरजच उरत नाही.

म्हणजे ज्या फोनची तुम्ही पर्वा केली नाही, तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा होता!

याच्या उलट टोकाचा समज तितकाच चुकीचा आहे: "व्हॉट्सॲप कोर्टात चालतच नाही." चालतं. नव्या कायद्याने 'दस्तऐवज' या शब्दाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक नोंदी घेतल्या आहेत आणि उदाहरणांत ईमेल, स्मार्टफोनमधले मेसेज, लोकेशन, व्हॉइस मेल यांची नावं घेतली आहेत. फक्त निशाणी क्रमांक पडला म्हणजे मजकूर शाबीत झाला असं होत नाही. तो नंबर त्याचाच होता का, फोन तेव्हा कोणाच्या हातात होता, आधी-नंतरचं बोलणं काय होतं, हे उलटतपासणीत निघतं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका व्यापारी वादात हेच म्हटलं: व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचा अर्थ आणि मजकूर सरतपासणी-उलटतपासणीतून सिद्ध व्हायला हवा. समोरच्याने मेसेज कबूल केला तर अर्थातच स्क्रीनशॉटवरही काम भागतं. कौटुंबिक न्यायालयाला तर कायद्यानेच जास्त मोकळीक आहे, पुरावा कायद्याच्या चौकटीत न बसणारी कागदपत्रंही ते पाहू शकतं. पण समोरचा कबूल करेल या भरवशावर कोणी राहू नये. खोटं बोलायचं ठरवलेला माणूस पहिल्यांदा मेसेजच नाकारतो.

पक्षकारांकडून ऐकू येणारे असेच आणखी काही समज पाहा. "चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल केलं आहे." ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही उघडून बदलू शकतो. फोनसोबत असेल तर उपयोगी, एकटी असेल तर दुबळी.

"बहिणीला फॉरवर्ड करून ठेवले." मग बहिणीच्या फोनवर पाठवणाऱ्या म्हणून तुम्ही दिसता आणि वेळही तुम्ही पाठवल्याची दिसते.

"त्याने सगळ्यांसाठी डिलीट केलं, संपलं." मेसेज डिलीट केल्याची खूण तुमच्या पडद्यावर राहते, बॅकअपमध्ये मूळ मजकूर सापडू शकतो, ग्रुप असेल तर इतरांच्या फोनवर काय उरलं आहे तेही तपासता येतं. आणि पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद जाणूनबुजून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आमच्या पक्षकारांनाही लागू आहे.

"एन्क्रिप्टेड आहे, कोणाला वाचताच येत नाही." वाटेत वाचता येत नाही. दोन्ही टोकांच्या फोनवर मजकूर उघडाच असतो, आणि पोलिस फोनच जप्त करतात.

"निळी टिक म्हणजे त्याला मान्य आहे." नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली, एवढं टिकवरून ग्राह्य धरलं होतं. वाचणं वेगळं, कबूल करणं वेगळं. शिवाय सगळ्याच नोटिसा अशा बजावता येत नाहीत. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवणं ही कायदेशीर बजावणी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे.

"ग्रुपवर कोणी काही टाकलं की ॲडमिन आत." नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की समान हेतू किंवा संगनमत दिसत नसेल तर सभासदाच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही.

"चोरून केलेलं रेकॉर्डिंग चालत नाही." मुंबईच्या कॉरोनरवरच्या लाचेच्या खटल्यात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने असं टेप केलेलं संभाषण १९७२ मध्येच ग्राह्य धरलं. जुलै २०२५ मध्ये पती-पत्नीच्या वादातही जोडीदाराने नकळत केलेलं रेकॉर्डिंग ग्राह्य धरता येईल, असा निकाल आला. मात्र आवाज कोणाचा आणि रेकॉर्डिंगमध्ये काटछाट नाही, हे सिद्ध करावंच लागतं.

कोणाशी वाद होणार अशी चिन्हं दिसू लागली की एवढं करा. चॅट डिलीट करू नका, त्या माणसाला ब्लॉक करायचं तर करा, पण संभाषण राहू द्या. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आधी बंद करा, ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळं नेते. फोन फॉरमॅट करू नका, दुरुस्तीला देण्याआधी वकिलाला विचारा. नवा फोन घ्यायचा असेल तर जुन्यावरचं व्हॉट्सॲप नव्यावर सुरू करण्याआधीही विचारा, कारण एकदा तिकडे सुरू झालं की जुन्यावरचं बंद पडतं. स्क्रीनशॉट जरूर काढा, मला प्रकरण समजायला ते लागतात. पण पहिल्या भेटीला येताना हातात मूळ फोन असू द्या, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो कोणालाही देऊ नका.