तिसरी रांग

सांगली म्हणजे बुद्धिबळाची पंढरी. इथल्या एका स्पर्धेत आजची फेरी संपत आली आहे. बहुतेक पट रिकामे झालेत. कोपऱ्यातल्या एका पटाभोवती मात्र आम्ही दहा-बारा जण दाटीनं उभे आहोत.

पांढरी मोहरी बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे, काळी एका कॉलेजच्या मुलीकडे. दोघांचंही रेटिंग पंधराशेच्या आसपास. पटावर उरलेत दोन राजे, दोन हत्ती आणि काकांचं एकुलतं प्यादं. ते ई५वर आहे, शेजारी डी५वर त्यांचा राजा. मुलीचा राजा प्याद्याची वाट अडवून ई८वर बसलाय.

"काका जिंकले," शेजारचा मुलगा पुटपुटतो. पंच डोळे वटारतात.

माझं लक्ष मुलीच्या हत्तीवर आहे. तो ए६वर, म्हणजे तिच्या बाजूनं तिसऱ्या रांगेत. तो तिथं आहे तोवर काकांच्या राजाला पुढं पाऊल टाकता येत नाही. काका आपला हत्ती सातव्या रांगेत इकडून तिकडे नेतात. ती तिसरी रांग सोडत नाही. तिच्या घड्याळात मिनिटभरच उरलंय. खेळीमागे वाढणाऱ्या तीस सेकंदांवर ती तग धरून आहे.

अखेर काका प्यादं ई६वर ढकलतात. तिचा हात हत्तीपर्यंत जातो आणि न शिवताच मागे येतो. मोहऱ्याला हात लागला की तेच खेळावं लागतं. ती पुन्हा मोजते. मग हत्ती थेट ए१वर! प्यादं पुढं सरकलं, आता राजाला त्याच्यामागे लपायला ई६चं घर उरलं नाही. राजा डी६वर येतो, मागून शह. ई५वर, शह. एफ६वर, पुन्हा शह. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरनं १७७७मध्ये मांडलेला बचाव ही मुलगी घामेजल्या बोटांनी बिनचूक खेळतेय.

काका राजा पुन्हा ई५वर ठेवतात. "ड्रॉ?" विचारतात आणि मग घड्याळ दाबतात. ती पटाकडे एकदा नीट बघते, हात पुढं करते. दोघंही कागदावर अर्धा-अर्धा गुण लिहून सह्या करतात.

बाहेर येताच काका विचारतात, "प्यादं ढकललंच नसतं तर गं?"

"तर मी तिसऱ्या रांगेतच बसले असते, काका."

काका मनापासून हसतात. त्यांनी विजयासाठी सगळं करून पाहिलं, तिनं एकही फट दिली नाही. दोघांनीही आपापला अर्धा गुण कमावलाय.