चार किलोंचा हिशेब

आमच्या बीड जिल्ह्यात शरीर कमवायचे म्हणजे तालमीत जायचे, हा जुना समज. मीही दोन वर्षे जोर-बैठका काढल्या. दंड फुगले, वजन वाढले, आणि वाटले, मल्ल झालो! पाटोद्याचे राहुल आवारे यांची कारकीर्द अभ्यासली, तेव्हा भ्रम फिटला. शरीरसौष्ठवात स्नायू दाखवायचे असतात. कुस्तीत ते वापरायचे, तेही काट्याच्या मर्यादेत. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आवारे यांनी ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक कांस्यपदक आले; परंतु टोकियो ऑलिंपिकमध्ये तो गटच नव्हता. तेथे ५७ वर उतरा, नाहीतर ६५ वर चढा! चार किलोंत असे स्वप्न अडकते. मित्रहो, शरीर कमावणे सोपे. ते आवरणे हीच खरी तपश्चर्या.