हार्ट अटॅकनंतरची पहिली थंडी

दवाखान्यातून सुटी मिळते तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी असते, पथ्याचा कागद असतो, पुढच्या तपासणीची तारीख असते. पण पत्र्याच्या खोलीत डिसेंबरची रात्र कशी काढायची, हे त्या कागदावर सहसा नसते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही तेवढेच लिहीत आहोत. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला घरात ऊब कशी द्यायची, आणि ऊब देण्याच्या नादात काय करायचे नाही.

थंडीने हृदयाला काय होते?

गार हवा लागली की शरीर आतली उष्णता राखण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. नळी अरुंद झाली की पंपाला जास्त जोर लावावा लागतो, हे कंपनीत काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. रक्तदाब वाढतो, हृदयाचे काम वाढते, रक्तही थोडे दाट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी हृदय हा भार सोसते. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असते आणि ती भरून यायला काही आठवडे लागतात. त्या काळात हा भार जड जातो. थंडीच्या दिवसांत, आणि त्यातही सकाळच्या वेळी, हार्ट अटॅकचे प्रमाण जास्त असते, त्याचे हे एक कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवेच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, अशी शिफारस केली. आपल्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा बारा अंशांच्या आसपास आणि काही रात्री दहाच्याही खाली जातो. स्लॅबच्या घरात भिंती दिवसाची ऊब थोडी धरून ठेवतात. पत्रा मात्र लवकर गार पडतो. मिलिंदनगर असो, ओटास्कीम असो की चाकणजवळ खराबवाडी-नाणेकरवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांची रांग असो, पत्र्याखालची खोली पहाटेपर्यंत जवळजवळ बाहेरइतकीच गार होते.

खोली आणि अंथरूण

दिवसा दार-खिडकी उघडी ठेवून ऊन आत येऊ द्यावे आणि ऊन उतरले की बंद करावे. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून वारा येत असेल तर वाऱ्याच्या बाजूची फट पोत्याने किंवा जुन्या कापडाने बुजवावी. मात्र समोरच्या बाजूची एक फट मोकळी ठेवावी, हवा खेळायला हवी. दारावर जुनी गोधडी पडद्यासारखी टांगली तरी फरक पडतो. थर्माकोल आणि प्लॅस्टिक झटकन पेटते, म्हणून ते विजेच्या वायरीजवळ किंवा गॅसजवळ लावू नये.

आजारी माणसाची जागा दारासमोर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. खाट असेल तर उत्तम. जमिनीवर झोपायचे असेल तर खाली आधी पुठ्ठे, त्यावर चटई, त्यावर गोधडी असे घालावे. वर कितीही पांघरले तरी खालची फरशी अंगातली ऊब ओढून घेते. जुन्या लुगड्यांची गोधडी ऊबदार असते ती तिच्या थरांत हवा अडकून राहते म्हणून.

थरांची ही गोष्ट आपल्या धम्मात जुनी आहे. विनयपिटकातल्या महावग्गात चीवरांचा नियम कसा झाला ते सांगितले आहे. वैशालीत गोतमक चैत्यापाशी ऐन हिवाळ्यातल्या एका रात्री भगवान बुद्ध एकच चीवर घेऊन उघड्यावर बसले. पहिला याम सरला तेव्हा थंडी वाजली, त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला याम सरल्यावर तिसरे आणि पहाट होताना चौथे. असा स्वतः अनुभव घेऊन त्यांनी भिक्खूंना तीन चीवरांची परवानगी दिली आणि त्यातली संघाटी दुहेरी ठेवली. आपल्यालाही यातून दोन गोष्टी घेता येतात. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे बरे. आणि थंडी पहाटेकडे वाढत जाते, म्हणून जास्तीचे पांघरूण झोपतानाच हाताशी ठेवावे. कानटोपी आणि पायमोजे रात्रीही असावेत. पण अंगावर इतके लादू नये की घाम येईल. ओला कपडा अंग अधिक गार करतो.

बंद खोलीत शेगडी नको

ही या पानावरची सर्वांत महत्त्वाची सूचना. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे दार लावून खोलीत ठेवू नयेत. जळणातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो आणि माणूस झोपेतच जातो. ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे त्याला थोडासा वायूही बाधतो. गॅसची शेगडी ऊब मिळावी म्हणून पेटती ठेवणेही तितकेच घातक आहे.

बाहेरच्या शेकोटीचेही तसेच. कंपनीतून आणलेल्या पॅलेटच्या फळ्या, ऑईल लागलेल्या चिंध्या, रबर, प्लॅस्टिक असे काहीही पेटवले जाते. त्या धुराने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. अटॅक येऊन गेलेल्या माणसाने त्या घोळक्यात बसू नये.

गरम पाण्याची पिशवी चालेल, पण कापडात गुंडाळून, आणि झोप लागण्याआधी काढून घ्यावी. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. भाजले तरी कळत नाही.

दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने कातडीकडे रक्त धावते, वरून गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिसरी यांतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या थंडीसारख्याच आवळतात. पंचशीलातले पाचवे शील पाळण्याला इथे औषधाइतकेच मोल आहे.

अंघोळ आणि संडास

पहाटेची अंघोळ काही दिवस सोडावी. ऊन वर आल्यावर, कोमट पाण्याने, बसून अंघोळ करावी. गार पाण्याने हृदयावर एकदम ताण येतो. फार कढत पाण्याने रक्तदाब खाली येऊन चक्कर येते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. मोरीच्या दाराला आतून कडी लावू नये. पाण्यात हीटरचा रॉड असताना बादलीत हात घालू नये.

सार्वजनिक संडास लांब असेल तर पहाटे रांगेत उभे राहण्यापेक्षा उशिरा जावे. जावेच लागले तर कानटोपी, मफलर, चप्पल घालून जावे आणि सोबत कुणीतरी असावे. रात्रीसाठी घरातच भांडे किंवा खुर्चीची सोय करावी, त्यात लाज कसली? कुंथणे टाळावे. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांगावे.

औषधांबाबत

हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या काही गोळ्यांनी हात-पाय गार पडतात. म्हणून गोळी बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. स्टेंट टाकला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही स्वतःच्या मनाने सोडू नयेत. सर्दी झाली तर मेडिकलमधून विचारल्याशिवाय गोळी आणू नये. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या हृदयरोग्याला धोक्याच्या असतात.

चालणे आणि अभिवादनाचे दिवस

डॉक्टरांनी चालायला सांगितले असेल तर जरूर चालावे, पण पहाटे पाचला नव्हे. नऊच्या सुमारास, उन्हात, मफलरने नाक-तोंड झाकून, जेवणानंतर लगेच नाही.

आपले मोठे दिवस नेमके याच थंडीत येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. २५ डिसेंबरला देहूरोड, जिथे १९५४ साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. मन ओढ घेणारच. पण रात्री मोटारसायकलवर मागे बसून चाकण-शिक्रापूर रस्त्याने गार वारा खात जाणे आणि पुढे गर्दीत तासन्‌तास उभे राहणे, हे नुकत्याच अटॅकमधून उठलेल्या माणसाला झेपणारे नाही. या वर्षी वस्तीतल्या विहारात, उन्हे वर आल्यावर वंदना घ्यावी. पुढच्या वर्षी स्वतःच्या पायांनी जाता यावे म्हणून हे एक वर्ष थांबायचे आहे.

कामाचेही तसेच. डॉक्टर फिट म्हणेपर्यंत तिसऱ्या पाळीला जाऊ नये. ई.एस.आय.मध्ये नाव असेल आणि वर्गणी नियमाप्रमाणे भरली गेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी कामगारांनीही आपला ई.एस.आय. नंबर काढून ठेवावा. चिंचवडला मोहननगरमध्ये ई.एस.आय.चे रुग्णालय आहे.

थंड घाम म्हणजे थंडी नव्हे

अंग गार पडले, दरदरून घाम फुटला, तर घरचे पांघरूण घालतात आणि सकाळची वाट बघतात. असा वेळ घालवू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, मळमळ आणि थंड घाम ही पुन्हा अटॅक येत असल्याची खूण असू शकते. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही नुसती धाप आणि गळाठा येतो. माणसाला बसवावे, चालवू नये. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे द्यावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. बोळात गाडी शिरत नसेल तर एकाने मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबावे आणि बाकीच्यांनी खुर्चीवर बसवून उचलून न्यावे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय की जवळचे दुसरे, रात्री कुठे जायचे आणि कुणाची गाडी मिळेल, हे आधीच ठरवून ठेवावे.

हे सारे घरातल्या एकट्या बाईवर टाकू नये. ती स्वतःही कामाला जाते. पाणी तापवणे, रात्री उठून पांघरूण बघणे, सोबत चालायला जाणे, हे मुलांनी, भावांनी, शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढे विचारावे की आपल्या वस्तीत या वर्षी अटॅक येऊन गेलेले कोण आहे आणि त्यांच्या घरी जास्तीची गोधडी आहे का. नसेल तर ती त्याच दिवशी पोचवावी.

सर्वांना सप्रेम जयभीम.