न बोलावता आलेली पॅकेजं

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या टर्मिनलवरून गिम्प हा चित्रं रंगवण्या-सुधारण्याचा प्रोग्राम मागवला, तर तो एकटा येत नाही. चित्रावर प्रक्रिया करायला त्याला जीईजीएल लागतं आणि जीईजीएलला रंगांच्या रूपांतरासाठी बॅबल. अशा डझनावारी लायब्रऱ्या एपीटी हा पॅकेज मॅनेजर न सांगता शोधून आणतो. पुढे कधी तरी आपण गिम्प काढून टाकतो. गिम्प जातो, ही सोबतची मंडळी मात्र डिस्कवर मुक्काम ठोकून राहते. 'एपीटी-गेट ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा आहे ती या मंडळींसाठी.

पण नको असलेलं कुठलं, हे यंत्राला कसं कळतं? खरं सांगायचं तर कळत नाहीच. एपीटी प्रत्येक पॅकेजबद्दल एवढंच लक्षात ठेवतो: ते माणसानं नाव घेऊन मागितलं, की दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलं. आपण ते शेवटचं केव्हा उघडलं, याची तो दखलही घेत नाही.

या तुटपुंज्या माहितीवर निर्णय घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक लायब्ररीवर किती जण अवलंबून आहेत ते मोजायचं आणि आकडा शून्यावर आला की ती काढायची. यात एक मेख आहे. डेबियनमध्ये एकमेकांवर अवलंबून असलेली पॅकेजं सापडतात. अशा जोडीतल्या दोघांचाही आकडा कायम एक. बाहेरच्या कुणालाही ती नको असली, तरी ती एकमेकांच्या भरवशावर टिकून राहतात. संगणकाच्या मेमरीतला कचरा काढताना हीच अडचण आली होती. 1960 मध्ये जॉर्ज कॉलिन्स यांनी मोजणीची पद्धत मांडली आणि 1963 मध्ये हॅरॉल्ड मॅकबेथ यांनी तिच्यातली ही वर्तुळाची त्रुटी दाखवून दिली. तोडगा तोवर आलेलाही होता: जॉन मॅकार्थी यांनी तो 1960 मध्येच, लिस्प भाषेसाठी मांडला होता.

एपीटी मॅकार्थींच्याच वाटेनं जातो. तो मोजत बसत नाही. आपण मागितलेल्या पॅकेजांपासून निघतो, त्यांना जे लागतं त्यावर खूण करतो, मग त्यांना जे लागतं त्यावर, असं टोकापर्यंत. खूण न झालेलं जे उरतं, ते काढायच्या यादीत. एकमेकांना धरून बसलेली जोडीही त्यात येते, कारण तिच्यापर्यंत बाहेरून वाटच नसते. ही सोय डॅनियल बरोज यांच्या ॲप्टिट्यूड या प्रोग्राममध्ये आधी होती, एपीटी-गेटमध्ये नंतर आली. जीईजीएल वापरणारं ग्नोम फोटोज तुमच्याकडे असेल, तर गिम्प गेल्यावरही जीईजीएल आणि बॅबल दोन्ही शाबूत राहतात.

हा हिशेब मला चोख वाटतो. फसतो तो नोंदीमुळे. 'उबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेज जवळजवळ रिकामं असतं, त्याचं काम इतरांना ओढून आणायचं. ते काढलं की त्याच्यामुळे आलेले, रोजच्या वापरातले प्रोग्रामही बिनमागितलेले ठरू शकतात. तुम्ही स्वतः सोर्समधून बांधलेला प्रोग्राम एपीटीच्या दप्तरी नसतोच. त्याला लागणारी लायब्ररी मग बेवारस ठरू शकते. (चालू असलेल्या कर्नेलला मात्र एपीटी मुद्दाम हात लावत नाही.)

म्हणून ऑटोरिमूव्ह चालवण्याआधी तीच आज्ञा 'सिम्युलेट' हा पर्याय जोडून एकदा चालवा. काहीही न काढता काय काय जाईल, ते दिसेल. त्यात हवं असलेलं नाव आढळलं, तर 'एपीटी-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे ते नाव द्या. यापुढे ते तुम्हीच मागितलेलं मानलं जाईल.