ईम : शेजारधर्म पाळणारें एक इंग्रजी खेडें

इंग्लंडच्या मध्यभागीं डर्बीशायर परगण्यांतील डोंगराळ मुलुखांत ईम हें लहानसें खेडें वसलें आहे. त्याच्या उत्तरेस वालुकाश्माचा उंच कडा असून दक्षिणेस चुनखडीचा प्रदेश आहे. त्या चुनखडींत शिशाच्या शिरा असल्यामुळें पूर्वी येथील पुष्कळ लोक खाणींत काम करीत.

१६६५ सालीं लंडनांत प्लेगाची भयंकर सांथ होती. तेथून येथील शिंप्याकडे कापड आलें. त्यांत रोगी पिसवा होत्या, असें मानितात. सप्टेंबरांत शिंप्याचा मदतनीस मरण पावला व रोग घरोघर पसरला.

१६६६ च्या जूनमध्यें तरुण पाळक विल्यम मॉम्पेसन व पूर्वीचे पदच्युत पाळक टॉमस स्टॅन्ली यांनीं मतभेद विसरून लोकांस विनविलें कीं, कोणींही गांवची शीव ओलांडूं नये. लोकांनीं तें मानिलें. शेजारचे लोक शिवेवरील दगडापाशीं अन्न ठेवीत. ईमकर त्याचें मोल शिरक्यांत बुडविलेल्या नाण्यांनीं देत. उपासना मंदिरांत न होतां उघड्या दरींत होई. एका मातेनें आठ दिवसांत पति व सहा मुलें स्वहस्तें पुरलीं. ऑगस्टांत मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन हीही वारली.

वर्षअखेरीस रोग शमला, तोंवर सुमारें २६० माणसें दगावलीं होतीं. विद्यार्थ्यांनो, पळून जाणें सोपें होतें. परंतु पळणारा आपणांबरोबर रोगही नेतो, हें त्या खेडुतांनीं जाणलें. दरवर्षीं ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीं त्यांचें स्मरण केलें जातें.